शेगडीच्या पाइपातून डांबरासारखं काळं गळतंय, आणि परवा पाइप घुमला! (लाकडाची शेगडी, चिमणी, क्रिओसोट)

केळीवाला_सावदा | ११ जानेवारी, रात्री ९.४०

मंडळी, सल्ला हवाय. पालच्या रस्त्याला सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे दोन खोल्या बांधल्या, हिवाळाभर आई-अण्णा तिथेच असतात. थंडी बोचते म्हणून इकडच्याच एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी शेगडी करून घेतली. दाराला काच, खाली हवेची खिटी, मागून ६ इंची पाइप. पाइप भिंतीतून बाहेर निघतो, दोनेक फूट आडवा जातो आणि मग उत्तरेच्या भिंतीलगत बारा फूट वर.

पहिलं वर्ष झकास गेलं. यंदा दिवाळीनंतर पाइपाच्या जोडांतून काळं, चकचकीत, डांबरासारखं काहीतरी गळायला लागलं. पांढऱ्या भिंतीवर ओघळ आलेत, घासून निघत नाहीत. वास तर असा की घरात रस्ता बांधतायत की काय. शेगडीची काचही दोन दिवसांत काळी होते.

परवा सकाळी आईने कपाशीच्या काड्यांचा मोठा भारा टाकून पेटवलं, दार थोडं उघडंच राहिलं. पाच मिनिटांत पाइप घुमायला लागला, घाटात ट्रक चढावा तसा आवाज. वरून ठिणग्या, आणि बाहेरचा कोपरा लालबुंद. अण्णा बादली घेऊन शिडीकडे निघाले होते, आईने हात धरून थांबवलं. दहाएक मिनिटांनी आपोआप शांत झालं.

लाकूड घरचंच. नोव्हेंबरात बांधावरचा आंबा पाडला तो, आणि निंबाच्या फांद्या. रात्री झोपताना दोन जाड ओंडके घालून हवा बंद करतो, म्हणजे सकाळपर्यंत विस्तव राहतो. पाइप नुसता धुऊन चालेल का?

---

भुसावळ_४७_डिग्री | ११ जानेवारी, रात्री १०.०५

खान्देशात फायरप्लेस! मे महिन्यात या भो आमच्याकडे, अख्खं गावच फायरप्लेस असतं, पाइपाचीही गरज नाही.

(मस्करी बाजूला. लालबुंद झाला म्हणजे प्रकरण साधं नाही. जाणकार येईपर्यंत पेटवू नका.)

---

चाळीसगाव_ते_व्हरमाँट | ११ जानेवारी, रात्री ११.२०

केळीवाला भाऊ, सगळ्यात आधी एक करा. पाइप उतरवून, साफ करून, तपासून होईपर्यंत त्या शेगडीत एक काडीही पेटवू नका. आई-अण्णांना तोवर जाड गोधड्या द्या, नाहीतर गावातल्या घरी आणा. तुमच्याकडे जे झालं ती चिमणीची आग. या वेळी आपोआप विझली, पुढच्या वेळी विझेलच असं नाही.

मी गेली चौदा वर्षं अमेरिकेच्या ईशान्य टोकाला राहते. इथे डिसेंबर ते मार्च घर लाकडावरच तापतं आणि हा काळा राक्षस प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. नाव क्रिओसोट.

लाकूड पूर्ण जळलं तर उरते राख, आणि वर जाते वाफ व कार्बन डायऑक्साइड. अर्धवट जळलं तर धुरात डांबर, आम्लं आणि न जळलेले वायू राहतात. हा धूर गरम असेतो वर निघून जातो. पाइपात तो साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की त्यातला डांबरी भाग थंड पत्र्यावर धरायला लागतो. गार तांब्यावर बाहेरून पाणी धरतं ना, तसंच. फरक इतकाच की हे धरलेलं पाणी पेट घेतं.

त्याच्या तीन अवस्था असतात. पहिली भुरभुरीत काजळी, ब्रश फिरवला की पडते. दुसरी चकाकणारे कुरकुरीत पापुद्रे, जरा जोर लावून निघतात. तिसरी म्हणजे काचेसारखा घट्ट लेप. तो ब्रशने निघत नाही. तुमच्या जोडातून गळतंय त्यावरून आत कुठेतरी तिसरी अवस्था आहे असं मी धरून चालेन. थर ३ मिलिमीटर झाला की साफसफाई करायची, असा इथला दंडक आहे. त्याच्या दुप्पट झाला तर आग लागायला पुरेसा.

आणि आग लागली की आतलं तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकतं. पातळ पत्र्याचा पाइप त्यात वाकतो, सांधे उघडतात, विटांच्या चिमणीला भेगा पडतात. तुमच्या आईंनी अण्णांना अडवलं ते फार चांगलं केलं. तापलेल्या पाइपात वरून पाणी ओतलं तर क्षणात वाफ होते, पाइप फाटतो आणि उकळती वाफ ओतणाऱ्याच्या तोंडावर येते. पुन्हा कधी घुमलाच तर शेगडीचं दार आणि हवेची खिटी घट्ट बंद करायची, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढायचं, १०१ किंवा ११२ ला फोन लावायचा. छपरावर चढायचं नाही.

कारणं तुम्हीच लिहून दिलीत. ओलं लाकूड, रात्री कोंडलेली हवा, आणि थंड भिंतीला लावलेला उघडा पाइप. तिन्ही एकत्र. सविस्तर उद्या लिहिते, इथे मुलं शाळेतून आलीत.

---

तापीकाठची_मावशी | १२ जानेवारी, सकाळी ७.१५

आमच्या माहेरी अमळनेरला अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. त्याच्या मधल्या नळीत अशीच काजळी धरायची. आजी दिवाळीच्या आधी काथ्याचा बोळा काठीला बांधून नळी घासायची, खाली घमेलंभर काळं पडायचं. पण ते सुकं असायचं, गळायचं कधीच नाही. धाब्याच्या घरात तर चुलीचा धूर छतातल्या सान्यातून (झरोक्यातून) जायचा, वासे काळेकुट्ट. मग तिथे आग कशी लागत नव्हती?

मना बाप सांगे, "ओलं लाकूड म्हंजे घरमा धूर आनि डोयामा पानी." बाकी शास्त्र आम्हाला ठाऊक नाही.

---

चाळीसगाव_ते_व्हरमाँट | १२ जानेवारी, सकाळी ८.५०

मावशी, तुमच्या वडिलांनी निम्मं उत्तर देऊन ठेवलंय.

बंबात आणि चुलीत आपण जाळ कधी कोंडत नाही. काटक्या, गोवऱ्या, भरपूर हवा, मोठी ज्वाळा, काम झालं की विझवलं. म्हणून काजळी सुकी. सान्याचं म्हणाल तर धूर खोलीभर पसरून हवेत मिसळतो, अरुंद नळीत एका जागी साठत नाही. तो वाशांवर आणि बायकांच्या फुप्फुसांत साठायचा, ती वेगळी गोष्ट. बंद शेगडीत धुराची वाट एकच, आणि हवा आपल्या हातात. तिथेच माणूस मोहात पडतो की रात्रभर विस्तव पुरवावा. कोंडलेल्या हवेत ओंडका जळत नाही, धुमसतो, आणि ते डांबर भाऊंच्या पाइपात जाऊन बसतं.

आता पाण्याचा हिशेब. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. समजा ४० टक्के धरलं. रात्री १० किलो लाकूड घातलंत तर त्यात ४ लिटर पाणी. आधी ते उकळायचं, मग उरलेल्या उष्णतेवर घर तापवायचं. जाळ थंड, धूर थंड, त्यात वाफेचा लोट. नोव्हेंबरात पाडलेला आंबा जानेवारीत जाळणं म्हणजे शेगडीत हंडाभर पाणी ओतत राहणं. आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली हवी. दोन टोकांचा छोटा मीटर ऑनलाइन मिळतो, पण ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचा. बाहेरची साल नेहमीच सुकी दिसते.

इथे सगळ्यांना वाटतं की चिकाचं लाकूड, म्हणजे पाइन वगैरे, जाळलं की क्रिओसोट होतं. तसं नाही. सुकं पाइन भरपूर हवा दिली की स्वच्छ जळतं आणि ओलं ओकसुद्धा पाइप भरून टाकतं. तेव्हा आंबा की निंब हा वाद घालू नका.

---

अंजन_धावडा | १२ जानेवारी, दुपारी १.३०

लाकडाचा विषय निघाला म्हणून लिहितो, आयुष्य शिरपूर-चोपडा पट्ट्यात गेलंय.

ताईंच्या देशात लाकूड वाळायला वर्ष-दोन वर्षं लागतात. आपल्याला देवाने एप्रिल-मे दिलाय. त्या उन्हाला शिव्या घालतो, पण लाकूड वाळवायला त्याच्यासारखी भट्टी नाही. फेब्रुवारीत तोडायचं, लगेच दंडाएवढ्या जाडीचं फोडून टाकायचं (फोडल्याशिवाय वाळत नाही, साल पाणी कोंडून धरते), आणि वारा लागेल असं उघड्यावर रचायचं. ४४ अंशांच्या कोरड्या वाऱ्यात आंबा, सुबाभूळ, निंब जूनपर्यंत तयार. बाभूळ नि धावडा घट्ट, त्यांना आणखी एक उन्हाळा दिलेला बरा. अंजन तर देशातल्या सगळ्यात जड लाकडांपैकी. कुऱ्हाड उसळते. त्याची घाई करूच नका.

पण मृगाच्या आधी ते छपराखाली गेलं पाहिजे. इथेच सगळे चुकतात. मेमध्ये कडकडीत झालेलं लाकूड सप्टेंबरात पुन्हा भिजून शेगडीत येतं. वरून पत्रा, बाजू मोकळ्या, खाली विटांचे दोन थर, नाहीतर उधई (वाळवी) लागते. ताडपत्रीत गुंडाळू नका, आत घाम येतो.

मीटर नसेल तर काटा आहे ना. एका ढलपीवर खडूने खूण करा, दर रविवारी वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळली तर खणखणीत वाजते, ओली धप्प करते.

आणि तुमचं शेत पालकडे आहे म्हणून सांगतो. यावल अभयारण्य शेजारीच आहे. "पडलेलंच तर होतं" म्हणून तिथून फाटा उचलून आणलात तरी गुन्हा होतो.

---

कपाशी_जामनेर | १२ जानेवारी, दुपारी ३.१०

काड्यांवरून आठवलं. कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग वर्षभर बांधावर ठेवू नका, त्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्यासकट सगळ्यांना भोवते. पेटवायला लागतात तेवढ्याच, बोंडं झाडून, घराजवळ कोरड्यात ठेवा.

विषय सोडून आहे, माहितीय. पण भरिताची वांगी भाजायच्या नावाखाली अर्धा जिल्हा काड्या साठवतो.

---

जळगाव_रोडवेज | १२ जानेवारी, संध्याकाळी ६.००

एवढं घाबरवता कशाला? आठवड्यातून एकदा काड्यांचा कडक जाळ करायचा, सगळं डांबर आतच जळून जातं. आमच्या ढाब्याच्या भट्टीला आम्ही हेच करतो, वीस वर्षं झाली. जाड मीठ टाकलं तरी सुटतं म्हणतात.

---

चाळीसगाव_ते_व्हरमाँट | १२ जानेवारी, रात्री ८.४०

दादा, रोज खणखणीत जाळ केलात तर थर फारसा साठत नाही, इथवर तुमचं बरोबर. ढाब्याची भट्टी दिवसभर धगधगते, तिचा पाइप गार होतच नाही. पण केळीवाला भाऊंकडे थर *आधीच* आहे. अशा पाइपाखाली काड्यांचा कडक जाळ करणं म्हणजे परवा सकाळी जे झालं तेच मुद्दाम करणं. आधी साफ, मग कडक जाळ. क्रम उलटा झाला तर तुमच्या सल्ल्याने कोणाचं घर जाईल.

मीठ, बटाट्याची सालं, बाजारात मिळणाऱ्या पुड्या, हे सगळं मी पाहिलंय. काही पुड्यांनी घट्ट लेप थोडा ठिसूळ होतो, एवढंच. पाइपात ब्रश फिरवावा लागतोच. इथल्या अग्निसुरक्षा संस्थेचा एनएफपीए २११ हा नियम दरवर्षी किमान एकदा चिमणीची तपासणी सांगतो, आणि तो लोखंडी शेगडीवाल्यांनाही लागू आहे.

---

केळीवाला_सावदा | १२ जानेवारी, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. शेगडी बंद केली, आई-अण्णा सावद्याला आलेत (अण्णा रुसलेत).

एक विचारायचं राहिलं. जोडातून बाहेर का गळतं? पाइपात पाइप घट्ट घुसवलाय. फॅब्रिकेटरला फोन केला तर म्हणतो सिलिकॉन मारून देतो.

---

चाळीसगाव_ते_व्हरमाँट | १२ जानेवारी, रात्री ११.१०

सिलिकॉन नको! तेवढी उष्णता ते सोसत नाही, जळून आणखी घाण होईल.

मला सांगा, प्रत्येक जोडात वरचा पाइप खालच्याच्या आत गेलाय, की खालचा वरच्याच्या आत?

---

केळीवाला_सावदा | १३ जानेवारी, सकाळी ७.४५

आत्ता जाऊन पाहिलं. खालचा वरच्याच्या आत. वरचा पाइप टोपीसारखा बाहेरून बसलाय.

---

चाळीसगाव_ते_व्हरमाँट | १३ जानेवारी, सकाळी ८.३०

सापडलं. तुमचा पाइप उलटा लावलाय.

फॅब्रिकेटरची चूक समजण्यासारखी आहे. त्याने कौलं, पन्हळी पत्रे आयुष्यभर लावले. तिथे पाणी बाहेरून येतं, म्हणून वरचा तुकडा खालच्यावर चढवायचा. शेगडीच्या पाइपात ओल *आतून* उतरते. म्हणून वरच्या पाइपाचं निमुळतं तोंड खालच्याच्या आत जायला हवं. मग डांबर आतल्या आत घसरत शेगडीत येतं आणि तिथे जळून जातं. धूर जोडातून बाहेर येईल ही भीती सोडा, चिमणी ओढत असेल तर फटीतून हवा आत खेचली जाते.

आता तो म्हणेल, "मग पाऊस जोडात शिरेल." बरोबर म्हणेल. म्हणून घराबाहेरचा पाइप एकेरी ठेवायचाच नाही. आत स्टेनलेस स्टीलचा ६ इंची पाइप, भोवती रॉकवूल (दगडी तंतूंचं, उष्णता अडवणारं अस्तर), त्यावर पत्र्याचं आवरण. आतला पाइप धुराच्या हिशेबाने जोडायचा, बाहेरचं आवरण पावसाच्या हिशेबाने. रॉकवूलने धूर वरपर्यंत गरम राहतो, त्यामुळे डांबर फारसं धरत नाही. तुमच्या उत्तरेच्या भिंतीवर दिवसभर ऊन नाही आणि रात्री पारा ७-८ वर. तिथे उघडा पत्रा म्हणजे डांबर धरायला ठेवलेली गार थाळीच. आतला पाइप गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा करू देऊ नका, तापला की जस्ताचा धूर सोडतो.

आडवे दोन फूटही जमेल तितके कमी करा, आणि उरतील त्यांना शेगडीकडे उतार द्या, फुटाला पाव इंच. वरचं टोक छपराच्या छेदापासून ३ फूट उंच, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याहून २ फूट वर. खोलीतल्या एकेरी पाइपापासून पडदा, प्लाय, थर्माकोलचं सिलिंग, काहीही पेटणारं दीड फूट लांब.

---

लोको_कॉलनी | १३ जानेवारी, सकाळी ११.००

क्रिओसोट हा शब्द वाचून थबकलो. रेल्वेत आयुष्य काढलं. लाकडी स्लीपर याच नावाच्या तेलात भिजवलेले असायचे, म्हणून ते पावसात, उधईत वर्षानुवर्षं टिकायचे. ते मात्र दगडी कोळशाच्या डांबराचं क्रिओसोट, तुमच्या धुराचं नाही. १८३२ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ राइखेनबाखने लाकडाच्या डांबरातून हे वेगळं काढलं आणि ग्रीक शब्दांवरून 'मांस टिकवणारा' अशा अर्थाचं नाव दिलं. धुरावर टांगलेलं मांस टिकतं ते काही अंशी त्यामुळेच.

हे सांगायचं कारण वेगळं. आमच्याकडे जुन्या स्लीपरांची टेबलं, बाकडी करायची टूम आलीय, आणि उरलेले तुकडे लोक शेकोटीत घालतात. कृपा करून घालू नका. त्याचा धूर विषारी असतो, कर्करोगकारक म्हणून नोंद आहे. तेच रंग मारलेल्या फळ्या, प्लाय आणि केळीच्या घडांच्या प्लास्टिक पिशव्यांचं. केळीवाल्यांना विशेष सांगतो, कारण पेटवायला त्या पिशव्या वापरताना डोळ्यांनी पाहिलंय.

---

केळीवाला_सावदा | १३ जानेवारी, दुपारी १२.२०

काका, पिशव्यांचं आमच्यावरच आलं. आजपासून बंद.

---

तापीकाठची_मावशी | १३ जानेवारी, दुपारी २.००

मी आईच्या काळजीने विचारते. म्हातारी माणसं दारं-खिडक्या लावून आत झोपणार. धूर दिसला नाही तरी घुसमट होते ना? आमच्या ओळखीत बंद न्हाणीघरात बंब पेटवून एक मुलगी बेशुद्ध झाली होती.

---

चाळीसगाव_ते_व्हरमाँट | १३ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

मावशी, हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता. पाइप थराने अरुंद झाला की कार्बन मोनॉक्साइड खोलीत परततो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. छोटा अलार्म ऑनलाइन मिळतो, झोपायच्या खोलीत लावाच. खिडकीची एक फट उघडी ठेवा. रात्रभर विस्तव राखायचा हट्ट सोडा. झोपण्याआधी तासभर हवेची खिटी उघडी ठेवून जाळ करून शेगडी तापवा, मग विझू द्या. लोखंड बराच वेळ ऊब देतं, बाकीचं काम गोधडीचं.

पाइपाला लावायचा चुंबकाचा तापमापकही मिळतो. एकेरी पाइपावर काटा १२० ते २४० अंशांच्या दरम्यान राहिला की ठीक. खाली रेंगाळला तर डांबर साठतंय.

राख प्लास्टिकच्या टोपलीत नको, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. आतला निखारा दोन-दोन दिवस जिवंत असतो.

---

केळीवाला_सावदा | २६ जानेवारी, रात्री ८.१५

अपडेट. पाइप उतरवला. तोंडाला मास्क, हातात मोजे, जमिनीवर जुनी ताडपत्री. सरळ पाइपात पापुद्रे होते, ६ इंची तारेच्या ब्रशने निघाले. आडव्या तुकड्यात आणि कोपऱ्यात मात्र काळी काच. कोपरा तर इतका भरला होता की मूठ आत जाईना. खरवडलेलं सगळं गावच्या काट्यावर ठेवलं, पावणेतीन किलो! आगीने कोपऱ्याचा पत्रा वाकून शिवण उघडली होती. तो आणि आडवा तुकडा भंगारात. टोपीच्या जाळीचीही निम्मी भोकं बुजलेली, आणि आत साळुंकीचं जुनं घरटं.

फॅब्रिकेटरला घरी बोलावून ताईंचं म्हणणं वाचून दाखवलं. आधी हसला. मग भिंतीवरचे ओघळ बघितले, पाइपात बोट फिरवलं आणि गप्प झाला. मग पाइप भिंतीतून न नेता सरळ छपरातून काढला, बाहेरच्या भागाला रॉकवूल आणि आवरण. म्हणाला, "भाऊ, जोड तुम्ही सांगता तसा करतो, पण पाणी गळलं तर मला फोन करू नका."

आंबा फोडून पत्र्याखाली रचला, पुढच्या दिवाळीपर्यंत हात लावणार नाही. यंदापुरती दोन वर्षांची वाळलेली सुबाभूळ मामांकडून आणली, मीटरवर १६ दाखवते. काच चार दिवस झाले तरी स्वच्छ आहे. अण्णा परत शेतावर गेलेत, पण रात्री विस्तव विझतो म्हणून अजून बोलत नाहीत.

एकच शंका. ते पावणेतीन किलो काळं कुठे टाकू? केळीच्या बुडात टाकलं तर चालेल का?

---

अंजन_धावडा | २६ जानेवारी, रात्री ९.००

बिलकुल नाही. राख चालते, हे नाही. पत्र्याच्या डब्यात बंद करून कचऱ्यात द्या. आणि शेकोटीत तर अजिबात टाकू नका.